पंधराशेच्या आत सिंथेटिक नाही!

"नवं इंजिन म्हणजे घरात आलेली नवी सून! पहिल्या दिवसापासून लाडावून ठेवलीत की जन्मभर डोक्यावर मिऱ्या वाटेल. आधी साध्या ऑइलवर रुळू द्या तिला. पंधराशे किलोमीटर! त्याच्या आत महागडं सिंथेटिक ऑइल घालणारा माणूस आणि तान्ह्या पोराला दारू पाजणारा माणूस, माझ्या लेखी दोघं सारखेच!"

तिहोमिर हे असं छातीवर हात ठेवून सांगायचा आणि क्रागुयेवात्स शहरातल्या त्याच्या गल्लीत कुणाची ते खोडून काढायची टाप नव्हती. चौतीस वर्षं त्यानं तिथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनं तपासण्यात घालवली होती. लाकडी दांड्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं आपल्या कानाला लावून तो आत काय बिघडलंय ते सांगे, आणि सांगे ते शंभरात नव्वद वेळा बरोबर निघे. उरलेल्या दहा वेळा इंजिन चुकलेलं असे! गल्लीत कुणी नवी गाडी घेतली की ती आधी पाद्रीबाबांकडे आशीर्वादाला जायची आणि तिथून थेट तिहोमिरकडे. पाद्रीबाबांची स्वतःची गाडीसुद्धा.

अशा माणसानं निवृत्तीनंतर सात वर्षांनी स्वतःची नवीकोरी गाडी घेतली, तेव्हा तो काय करणार हे उघड होतं. पहिल्या दिवशी त्यानं गाडी धुतली, जी मुळातच स्वच्छ होती. दुसऱ्या दिवशी गाडीखाली घुसून त्यानं कारखान्यानं भरलेलं सगळं ऑइल काढून टाकलं.

कुंपणापलीकडून शेजारचा स्रेतेन बघत होता. "अरे बाबा, चार दिवस तरी वापर की ते! नवंकोरं ऑइल आहे."

"हे ऑइल?" तिहोमिरनं दोन बोटांत थेंब घेऊन चोळला. "सूप आहे सूप! हल्लीच्या पोरांना इंजिन कळत नाही. मी जर्मन दुकानातून साधं, जाड, खानदानी ऑइल आणलंय. पंधराशे होऊ देत, मग घालतो सिंथेटिक. सगळ्या गल्लीला बोलावून घालीन!"

"मग हे सूप मला दे. माझ्या लाकूड कापायच्या करवतीच्या साखळीला लावतो."

"ने की! चारही लिटर ने."

नंतर तिहोमिरनं एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'इंजिन रुळत आहे', आणि तो मागच्या काचेत लावला. पूर्वी त्या शहरात प्रत्येक नव्या गाडीच्या काचेत अशी पाटी असायची आणि मागचे लोक आदरानं अंतर ठेवायचे. आता रस्त्यावरच्या निम्म्या पोरांना त्या पाटीचा अर्थच लागेना. एकानं तर काच ठोठावून विचारलं, "काका, गाडी बिघडलीय का? ढकलू?"

इथवर सगळं ठीक होतं. पण घरात लग्न होतं. मुलगी नेवेना, एकुलती एक, रुदनिक डोंगराच्या पायथ्याला राहणाऱ्या वुकाशिनशी लग्न करणार होती. लग्न नवऱ्याच्या गावातल्या चर्चमध्ये, बरोबर बाराला. आणि नेवेनानं लहानपणीच बापाला वचन दिलं होतं की मी चर्चला जाईन तर तुझ्याच गाडीतून. त्या वचनासाठीच तर म्हाताऱ्यानं गाडी घेतली होती! हे तो कुणाला सांगत नसे. सांगताना त्याचा आवाज बिघडायचा.

म्हणून लग्नाच्या आत पंधराशे किलोमीटर पुरे करून, सिंथेटिक घालून, मुलीला झोकात न्यायचं असा त्याचा बेत होता. आणि किलोमीटर काही आपोआप होत नाहीत. तिहोमिर पाव आणायला तोपोला गावाला जाऊ लागला. जाऊन येऊन ऐंशी किलोमीटर!

"पाव कोपऱ्यावर मिळतो, तिहोमिर," बायको रादोयका म्हणाली.

"तोपोलाचा पाव चांगला असतो."

"असेल. पण घरी पोचेपर्यंत शिळा होतो! जाताना चाळीसनं जातोस, येताना चाळीसनं येतोस. काल तुला मेंढ्यांच्या कळपानं मागं टाकलं, सगळं गाव सांगतंय."

"उतार होता त्यांना!" तिहोमिर म्हणाला.

एवढं करूनही लग्नाच्या सकाळी आकडा होता चौदाशे एकसष्ट. चर्च बेचाळीस किलोमीटरवर. तिहोमिरनं कोट घालता घालता हिशोब केला आणि त्याचा चेहरा उजळला. पंधराशे पुरे होणार ते चर्चच्या जेमतेम तीन किलोमीटर अलीकडे! मुलगी वेदीपाशी उभी राहील तेव्हा गाडी रुळलेली असेल. देवानं स्वतः पेन घेऊन आखल्यासारखं!

नवऱ्याकडची मंडळी आली ती उशिरा, आणि रीतीप्रमाणे नवरीची लुटुपुटूची 'खरेदी' सुरू झाली. दार अडवून बसलेला मामेभाऊ भाव उतरवेना, नवऱ्याचा मामा वर चढेना, मध्ये मध्ये प्लमची दारू फिरत होती. निघेपर्यंत अकराला पाचच मिनिटं उरली. खरं तर वरातीत लग्नाचा झेंडा धरलेली गाडी पुढे असते. पण तिहोमिरनं सगळ्यांना बजावलं, "माझ्या पुढे कुणी नाही! नव्या इंजिनाच्या नाकात दुसऱ्याची धूळ जाता कामा नये." आणि नवरीच्या गाडीला वरातीतल्या कुणी ओलांडून जाणं तर महाअपशकुन. तेव्हा पुढे तिहोमिरची गाडी, शेजारी रादोयका, मागच्या सीटवर पांढऱ्या झग्याच्या ढिगात नेवेना; त्यांच्या मागे झेंडा आणि नवरा, त्यांच्या मागे स्रेतेन आणि आणखी सव्वीस गाड्या. अशी वरात निघाली. चाळीसच्या वेगानं!

शहराबाहेर पडताच मागून हॉर्न वाजू लागले. आधी दोन, मग दहा, मग सगळेच.

"ऐकतेस ना पोरी?" तिहोमिरचा ऊर भरून आला. "काय आनंद झालाय लोकांना!"

"बाबा, मला वाटतं ते तुला जोरात चल म्हणताहेत."

"छे! लग्नात हॉर्न वाजवतातच. माझ्या लग्नात तर आम्ही भोंगा फोडला होता."

चढ लागला. तिहोमिर तीसवर आला. चढावर नव्या इंजिनाला ताण द्यायचा नसतो. मागच्या गाडीच्या खिडकीतून नवऱ्याचा मामा कमरेपर्यंत बाहेर आला आणि झेंडा पुढे, पुढे, पुढे असा हलवू लागला.

"वा! याला म्हणतात झेंडा धरणं," तिहोमिर म्हणाला. "नाहीतर हल्लीची पोरं. झेंडा धरतात का छत्री तेच कळत नाही."

मग त्यानं आरशात बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले. वरात वळणावळणानं खालच्या दरीपर्यंत पोचली होती! अठ्ठावीस गाड्यांच्या मागे ट्रक होते, एक बस होती, दुधाची टाकी होती, आणि त्याच्याही मागे टपांच्या चकाकणाऱ्या रांगा. सगळ्यांचे दिवे उघडझाप करत होते.

"बघ रादोयका! अर्धा मुलूख आलाय आपल्या नेवेनाच्या लग्नाला! मला इतकी माणसं मानतात हे मलाच ठाऊक नव्हतं."

"तिहोमिर," रादोयका आरशात बघत म्हणाली, "त्यात एक शववाहिनी आहे."

"असेल. मेलेल्याला कसली घाई!"

पण मेलेल्यालाही घाई असावी. ती काळी गाडी हॉर्नवर हात ठेवूनच चालली होती. वाटेतल्या एका गावात चावडीपुढच्या म्हाताऱ्यांनी ती मंद रांग आणि ती काळी गाडी बघून टोप्या काढल्या. एक आजी कुंपणाशी आली आणि पहिल्या गाडीतला पांढरा झगा, पांढरी फुलं बघून क्रूस करत म्हणाली, "देव तिच्या आत्म्याला शांती देवो. किती तरुण होती!" नेवेनानं खिडकीतून तिला हात हलवून दाखवला. आजी तिथल्या तिथे बसली!

आणि त्यानंतर, पुढच्या चढावर, प्लमच्या पेट्यांनी भरलेला एक ट्रॅक्टर आला आणि त्यांना ओलांडून गेला.

ट्रॅक्टरवाल्यानं जाता जाता टोपी उचलून नवरीला नमस्कार केला आणि एक प्लम फेकला. तो बरोबर काचेवर येऊन फुटला.

"बाबा," नेवेना म्हणाली. तिचा आवाज आता वेगळा होता. "पावणेबारा वाजलेत. साडेबाराला तिथे दुसरं लग्न आहे. पाद्री म्हणालेत की बाराला दार बंद करून विधी सुरू. वेळ टळली तर आज नाही, पुढे उपास आहेत, उपासांत लग्नं लावत नाहीत, मग सहा आठवडे थांबा. माझं लग्न मोडायचंय का तुला?"

"लग्न मोडत नाही पोरी, इंजिन मोडतं!" तिहोमिर म्हणाला. पण पहिल्यांदाच त्यानं घड्याळाकडे चोरून बघितलं. आकडा होता चौदाशे ब्याण्णव.

दोन किलोमीटर पुढे पोलीस आडवा आला.

तरुण होता. खिडकीशी वाकून त्यानं आत बघितलं: कोट, टोपी, झगा, पांढरी फुलं. "काका, आम्हाला सात फोन आले. प्रेतयात्रा रस्ता अडवून चाललीय आणि लोक निर्लज्जासारखे हॉर्न वाजवताहेत म्हणून. नक्की काय चाललंय?"

"इंजिन रुळतंय," तिहोमिर ताठ मानेनं म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे? अरे, तुझ्या बापाला विचार! कागद हवेत ना? रादोयका, दे याला कागद."

रादोयकानं कप्पा उघडला. कागदांबरोबर गाडीची माहितीपुस्तिकाही बाहेर आली, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत. ज्याला येत नाही त्यानं पुस्तक वाचावं, असं तिहोमिर म्हणायचा. पोलीस कागद चाळत होता तेवढ्यात नेवेनानं पिशवी दातांनी फाडली आणि पानं उलटत ऑइलपाशी थांबली.

"बाबा, ऐक. 'इंजिनात कारखान्यातच सिंथेटिक ऑइल भरलेले आहे. पहिल्या दिवसापासून सिंथेटिकच वापरावे. पहिला बदल एका वर्षाने किंवा पंधरा हजार किलोमीटरनंतर.'"

तिहोमिर हसला. मग हसायचा थांबला. "आधीपासूनच सिंथेटिक?"

"आधीपासूनच."

"म्हणजे ते सूप…"

"ते सूप स्रेतेनच्या करवतीला आहे," रादोयका म्हणाली. "तरीच मेली एवढी कापते! परवा त्यानं आपलंही जळण कापून दिलं. तू म्हणालास, करवत जुन्या बनावटीची असली की अशीच चालते."

"दाखव इकडे!" तिहोमिरनं पुस्तिका ओढली, चष्मा लावला आणि एका ओळीवर बोट आपटलं. "हे बघ! 'पहिले हजार किलोमीटर गाडी बेताने चालवावी.' बेताने! मी काय वेगळं म्हणतो?"

"बेताने म्हणजे मेंढ्यांच्या मागून नव्हे, बाबा!"

पोलीस खोकला. "काका, या रस्त्यावर ऐंशीपर्यंत मुभा आहे. आणि बाराला आठ मिनिटं आहेत. चर्च इथून नऊ किलोमीटर."

तिहोमिरनं आकड्याकडे बघितलं. चौदाशे चौऱ्याण्णव. सहा, फक्त सहा किलोमीटर! चाळीसनं जेमतेम नऊ मिनिटं. चौतीस वर्षांत त्यानं हा नियम स्वतः कधी मोडला नव्हता आणि दुसऱ्याला मोडू दिला नव्हता. मग त्याची नजर आरशात गेली. आता त्यात ट्रक नव्हते, बस नव्हती. नेवेना होती. तिच्या डोळ्यांतलं काजळ गालावर उतरायला लागलं होतं, आणि लहानपणी सायकलवरून पडल्यावर रडू आवरताना ती खालचा ओठ चावायची, तसाच चावत होती.

"पट्टे बांधा," तिहोमिर म्हणाला.

मागे झेंड्याच्या गाडीतला मामा नंतर सगळ्यांना सांगत होता की नवरीची गाडी एकदम दिसेनाशीच झाली. आम्हाला वाटलं दरीत गेली! पन्नास, साठ, ऐंशी. तिहोमिर कान देऊन ऐकत होता. एखादी खरखर, एखादी ठोकर, शिक्षा म्हणून काहीतरी. काहीच नाही. इंजिन असं चालत होतं की त्याला काही विचारावं असंही वाटेना. दोन बाजूंची प्लमची झाडं मागे पळत होती. पंधराशेचा आकडा आला आणि गेला, आणि कुणाचं तिकडे लक्षही नव्हतं. नेवेना मागे हसत होती, रडत होती, आणि "बाबा, वळण! वळण!" असं ओरडत होती.

चर्चच्या पायऱ्यांपाशी गाडी थांबली तेव्हा बाराला एक मिनिट कमी होतं; मागोमाग नवऱ्याला घेऊन झेंड्याची गाडीही येऊन थडकली. तिहोमिरनं उतरून मुलीसाठी दार उघडलं. तिनं झगा सावरला आणि भर अंगणात बापाच्या गळ्याला मिठी मारली. त्याच्या कोटाला काजळ लागलं. तो कोट पुढे त्यानं कधीच धुवायला दिला नाही.

लग्न थाटात लागलं. बाहेर येताच सगळी मंडळी त्याच्या गाडीभोवती जमली आणि तिहोमिरची मान पुन्हा आपोआप ताठ झाली. बॉनेटवर हात ठेवून तो म्हणाला, "पाहिलंत? ऐंशीला गेली आणि एक हुंकार नाही! का? चौदाशे चौऱ्याण्णव किलोमीटर नीट रुळवली म्हणून!"

स्रेतेननं काही म्हणायला तोंड उघडलं, पण रादोयकानं त्यात केकचा तुकडा कोंबला.

तेवढ्यात नवा जावई पुढे आला. सगळ्यांसमोर, अगदी अदबीनं. "बाबा, आम्हीही पुढच्या महिन्यात नवी गाडी घेतोय. तुमच्यासारखा जाणकार घरात आहे म्हणून विचारतो. तिला सिंथेटिक ऑइल नक्की कधी घालायचं?"

चर्चचे पाद्रीसुद्धा ऐकायला दारात थांबले. तिहोमिरनं छातीवर हात ठेवला, मोठा श्वास घेतला, आणि नेवेनाकडे बघितलं. फुलांच्या गुच्छाआडून ती हसू दाबत होती.

तिहोमिरनं छातीवरचा हात हळूच खाली घेतला.

"तुझ्या बायकोला विचार," तो म्हणाला. "आमच्या घराण्यात पुस्तक वाचलंय ते तिनंच."