छापीलराव, स्क्रीनबाई आणि एकच फाइल

‘गाळणी कशी साफ करावी हे जाणून घेण्यासाठी इथे दाबा.’

तपासणीसाठी छापून आलेल्या पुस्तिकेच्या नवव्या पानावर ही ओळ वाचली आणि छापीलरावांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पुस्तिका कपडे धुण्याच्या मशीनची होती आणि कागदाची होती. कागदावर दाबून गाळणी साफ झाल्याचं त्यांनी अठरा वर्षांच्या नोकरीत ऐकलं नव्हतं. तरी खात्री करावी म्हणून त्यांनी एकदा अंगठ्यानं दाबून पाहिलं. मग चष्मा पुसला आणि समोरच्या टेबलाकडे नजर टाकली. तिथे स्क्रीनबाई खाली मान घालून टाइप करत होत्या. एरवी त्या टाइप करताना मान खाली घालत नसत, असं छापीलरावांना त्या क्षणी वाटलं.

ही टोपणनावं ऑफिसनंच दिलेली. मशीनबरोबर खोक्यात जी पुस्तिका येते ती छापीलराव लिहायचे. मशीनच्या दारावरचा चौकोनी कोड मोबाइलला दाखवला की जी मदत उघडते ती स्क्रीनबाई लिहायच्या. दोघांच्या फायली वेगळ्या, कपाटं वेगळी, त्यामुळे दोघांत वर्षानुवर्षं उत्तम संबंध होते. म्हणजे ते एकमेकांशी बोलत नसत.

मग साहेबांच्या डोक्यात आलं की एकच मजकूर दोनदा का लिहायचा. त्यांनी दोघांच्या फायली मोडून एक फाइल केली. मजकूर एकदाच लिहायचा. बटण दाबलं की एकीकडून पुस्तिका बाहेर पडते, दुसरीकडून मोबाइलवरची मदत. एखादी ओळ फक्त पुस्तिकेत हवी असेल तर तिच्यावर ‘कागद’ अशी खूण करायची, फक्त मोबाइलवर हवी असेल तर ‘स्क्रीन’ अशी. आपापसातल्या सूचनांवर ‘आतलं’ अशी खूण, म्हणजे त्या कुठेच जाणार नाहीत. आणि गाळणी, पाइप, धोक्याच्या सूचना असा जो मजकूर कंपनीच्या चौदाही मशीनना सारखा लागतो तो एका जागी ठेवायचा. तिथे एक शब्द बदलला की चौदा ठिकाणी बदलतो.

हे सगळं समजावून झाल्यावर साहेब सहज म्हणाले, “फाइल एक झाली. आता माणसं किती लागतात ते तीन महिन्यांनी बघू.”

ते वाक्य छापीलरावांच्या काळजात रुतून बसलं. त्यांचं वय त्रेपन्न. मुलीचं शिक्षण अजून दोन वर्षांचं बाकी. कपडे धुण्याच्या मशीनची पुस्तिका सोडून त्यांनी आयुष्यात दुसरं काही लिहिलं नव्हतं. या वयात ही विद्या घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं, या विचारानं ते खरोखरच घाबरले होते. त्यामुळे नवव्या पानावरचं ‘इथे दाबा’ ही चूक नसून घाव आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं.

त्यांनी एक वही सुरू केली. पहिल्या पानावर तारीख, वेळ आणि ‘इथे दाबा’ अशी नोंद केली.

तिसऱ्याच दिवशी स्क्रीनबाई मोबाइल घेऊन त्यांच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

“हे वाचा.”

छापीलरावांनी वाचलं. मोबाइलवर लिहिलं होतं, ‘पाइप जोडण्यासाठी पान १२ पाहा.’

“बरं मग?”

“मोबाइलचं बारावं पान कुठे असतं, तेवढं दाखवा.”

“मला काय विचारता? मोबाइल तुमचा.”

“फाइल दोघांची आहे.”

“तेच म्हणतोय मी. मग माझ्या नवव्या पानावर दाबायला कोणी सांगितलं?”

“तुमच्या पुस्तिकेला मी हात लावलेला नाही,” स्क्रीनबाई म्हणाल्या.

“आणि तुमच्या मोबाइलला मी.”

दोघंही मनापासून बोलत होते, आणि म्हणूनच दोघांनाही समोरचा माणूस फार पोहोचलेला वाटला. स्क्रीनबाई जागेवर गेल्या आणि त्यांनी खणातून एक वही काढली. तिच्यावर कव्हर घातलेलं होतं, हे छापीलरावांनी आपल्या वहीत टिपलं.

पुढच्या दोन महिन्यांत वही भरत गेली. ‘बटण हलके दाबा’मधलं ‘हलके’ गेलं, आणि परत आलं. मुलांना ड्रममध्ये बसू देऊ नका, ही आख्खी सूचना एका सकाळी नाहीशी झाली. छापीलराव ऑफिसात आल्या आल्या फाइल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आणि निघतानाही वाचत. समोर स्क्रीनबाईही वाचत. एकानं काही दुरुस्त केलं की दुसरा ते का दुरुस्त केलं असेल याचा विचार करत बसे.

“तुम्ही साहेबांना सरळ सांगत का नाही?” बायकोनं एकदा विचारलं.

“पुरावा लागतो.”

“आणि त्या बाईंना सरळ विचारलं तर?”

“विचारलं की सावध होईल ना ती.”

“अहो, पण समजा तिनं केलंच नसेल?”

छापीलरावांनी बायकोकडे जरा निरखून पाहिलं. हिची आणि स्क्रीनबाईंची ओळख कधीपासूनची, असा प्रश्न त्यांच्या मनात येऊन गेला. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली आणि ते मुकाट्यानं जेवायला बसले.

तीन महिने संपायला एक आठवडा राहिला तेव्हा त्यांनी सापळा लावायचं ठरवलं. शुक्रवारी दुपारी धोक्याच्या सूचनांमध्ये, ‘मशीन चालू असताना दार ओढू नका’ या ओळीखाली त्यांनी एक ओळ लिहिली: ‘हे कोण करतंय ते मला माहीत आहे. सोमवारी बोलू.’ ‘आतलं’ अशी खूण केली असती तर उपयोग नव्हता, कारण स्क्रीनबाई आपल्या पडद्यावर आतल्या सूचना लपवून ठेवत. पसारा नको म्हणून छापीलरावही लपवत. म्हणून त्यांनी खूण केली ‘स्क्रीन’. म्हणजे कागदावर जायची भीती नाही. मोबाइलची मदत बाहेर सोडण्यापूर्वी बाई ती वाचणार, वाचताना त्यांचा चेहरा बदलणार, तो आपण बघणार आणि ओळ पुसून टाकणार. बेत बिनचूक होता. तेवढ्यात साहेबांनी त्यांना नव्या मशीनचं दार बघायला कारखान्यात पाठवलं आणि ते तिथूनच घरी गेले.

त्यांना माहीत नव्हतं ते एवढंच की बरोबर पंधरा मिनिटांनी स्क्रीनबाईंनी त्याच फाइलीत, पाइपाच्या मजकुराखाली, ‘कागद’ अशी खूण करून लिहिलं होतं: ‘तुम्ही काय केलंत ते मी पाहिलंय. स्वतःहून कबूल केलंत तर बरं.’ छापीलरावांची सही झाल्याशिवाय कागद छापखान्यात जात नाही, तेव्हा हे फक्त त्यांनाच दिसणार, असा बाईंचा हिशेब. मग त्याही दात दाखवायला डॉक्टरकडे गेल्या.

आणि दोघांनाही माहीत नव्हतं ते असं की त्या आठवड्यापासून सही-बिही बंद झाली होती. दर शुक्रवारी पाच वाजता मोबाइलची मदत आपोआप बाहेर पडणार होती आणि छापखाना पुस्तिका आपली आपण उचलणार होता. साहेबांनी तशी सूचना अगदी ठळक अक्षरांत फाइलीच्या माथ्यावर लिहिली होती. खूण केली होती ‘आतलं’.

शनिवारी सकाळी छापीलराव दाढी करत होते, तेव्हा सासूबाईंचा फोन आला.

“जावईबापू, एक विचारू?”

“विचारा ना.”

“तुमच्या मशीनला घरातलं दिसतं का हो?”

“छे. ते कसं दिसेल?”

“मग त्याला पायपुसण्याचं कोणी सांगितलं?”

“कुठलं पायपुसणं?”

“तुम्ही नको म्हणाला होतात ना, मशीनमध्ये घालू नका म्हणून. मी घातलं. दोनदा. आज मोबाइलवर बघायला गेले की डाग कसा काढायचा, तर तिथे लिहून आलंय, हे कोण करतंय ते मला माहीत आहे, सोमवारी बोलू. मी म्हटलं, सोमवारपर्यंत जिवाला घोर कशाला? आत्ताच सांगून टाकते.”

छापीलरावांच्या गालावरचा साबण वाळू लागला.

“आई, हे आणखी कोणी वाचलंय का?”

“शेजारणीला दाखवलं. ती रडायलाच लागली. सुनेचा स्वेटर तिनंच आटवलाय, आणि नाव घेतलं होतं मशीनचं.”

ऑफिस सोमवारपर्यंत बंद होतं आणि फाइल ऑफिसात होती. रविवारभर छापीलराव घरात येरझाऱ्या घालत राहिले. आपण दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात आपणच उभे आहोत हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. मुलीनं विचारलं, “बाबा, काय झालं?” तेव्हा त्यांना एकदम भरून आलं आणि ते म्हणाले, “काही नाही, तू अभ्यास कर.”

सोमवारी दारातच, सुट्टीतही घरून तक्रारींचे फोन घेणाऱ्या ताई भेटल्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पण चेहरा उजळलेला.

“शनिवारपासून तीनशे फोन,” त्या म्हणाल्या.

“तक्रारींचे?”

“एकही तक्रार नाही. सगळे कबूल करतायत. एकानं चार वर्षांत गाळणी उघडलेली नाही. एकानं कुत्रा धुतला... म्हणजे कुत्र्याची गादी. सगळ्यांना एकच विचारायचंय, सोमवारी किती वाजता बोलणार?”

साहेबांच्या खोलीत स्क्रीनबाई आधीच बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक. टेबलावर नवी कोरी पुस्तिका उघडी होती.

“ही आज सकाळी कारखान्यात पोहोचली,” साहेब म्हणाले. “पॅकिंगवाल्या मुकादमानं वाचली. ‘कबूल केलंत तर बरं.’ तो धावत माझ्याकडे आला. दोन महिने प्रत्येक खोक्यात पाइपाचा एक वॉशर कमी जात होता. पाणी गळतंय अशा इतक्या तक्रारी का येतात, ते मला आज कळलं.”

साहेबांनी एक जाडजूड गठ्ठा पुढे सरकवला.

“कुठली ओळ कोणी कधी बदलली, याची यादी फाइलीत आपोआप होत असते. तुम्ही कधी उघडली नाहीत वाटतं.”

दोघांनी आपापल्या वह्या काढल्या. छापीलराव वहीतली नोंद बघून यादीत शोधू लागले. ‘इथे दाबा’ स्क्रीनबाईंनीच लिहिलं होतं, पण पुस्तिकेत नव्हे. त्यांनी आपल्या मोबाइलसाठी लिहिलं होतं, गाळणीच्या सामाईक मजकुरात, खूण करायला विसरून. ‘पान १२ पाहा’ तसंच छापीलरावांचं. ‘हलके’ एकानं काढलं होतं, दुसऱ्यानं घातलं होतं. शेवटी छापीलराव सातव्या नोंदीवर आले. मुलांची आख्खी सूचना कोणी उडवली? यादीत त्यांचं स्वतःचं नाव होतं. सहा नंबरच्या मशीनच्या पुस्तिकेत ती दोनदा येत होती म्हणून त्यांनी एक काढली होती, आणि ती चौदाही ठिकाणांहून गेली होती. त्या चोरीचा त्यांनी तीन आठवडे कसून तपास केला होता.

“चूक झाली साहेब,” ते म्हणाले. “एक माणूस कमी करायचाय ना? मला करा. बाईंचा दोष नाही.”

हे शब्द आपल्या तोंडून कसे बाहेर पडले याचं त्यांनाच नवल वाटलं. स्क्रीनबाईंनी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. यात काय डाव असेल, असा विचार त्यांच्या डोळ्यांत दिसत होता.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

“एक कमी करायचा माझा विचार होता, हे खरं. पण शुक्रवारचं सोडलं तर तीन महिन्यांत या फाइलीतून एक चूक बाहेर गेलेली नाही. जी झाली ती दुसऱ्या दिवशी पकडली गेली. का? कारण तुम्ही दोघं रोज सकाळ-संध्याकाळ एकमेकांची ओळ न् ओळ वाचता. इतकं बारकाईनं कोणी पगार घेऊनही वाचत नाही. एकाला घरी पाठवलं, तर उरलेला संशय कोणावर घेणार?”

“म्हणजे?” स्क्रीनबाईंनी विचारलं.

“म्हणजे दोघंही राहा. फक्त फार मैत्री करू नका, एवढीच विनंती. आणि त्या दोन ओळी आजच्या आज काढा.”

बाहेर आल्यावर छापीलरावांनी घरी फोन करून “नोकरी आहे” एवढंच सांगितलं. बायको म्हणाली, “गेली कधी होती?” स्क्रीनबाईंनी आपल्या थर्मासमधून दोन कपांत चहा ओतला आणि एक कप त्यांच्यासमोर ठेवला. बाई आधी पितात का ते छापीलराव बघत राहिले. बाईही त्यांच्याकडे बघत राहिल्या. चहा निवला, मग दोघांनी एकदमच कप उचलले.

गुरुवारी सासूबाईंचा पुन्हा फोन आला.

“जावईबापू, मशीन आता काहीच म्हणत नाही.”

“बरंच झालं ना, आई.”

“कसलं बरं? आधी सगळं माहीत होतं, आणि आता एकदम गप्प. शेजारीणही तेच म्हणते. कोणीतरी त्याचं तोंड बंद केलंय. तुमच्याच ऑफिसातलं कोणीतरी.”

“तसं काही नसतं हो.”

“तुम्ही फार भोळे आहात. जरा बघा तरी.”

छापीलरावांनी फोन ठेवला. समोर स्क्रीनबाई मान ताठ ठेवून टाइप करत होत्या. छापीलरावांनी हळूच फाइलीची यादी उघडली आणि ती ओळ कोणी काढली ते पाहिलं. सोमवार, अकरा वाजून दहा मिनिटं, आणि पुढे त्यांचंच नाव. त्यांनी वही उघडली, नवं पान घेतलं आणि तारीख, वेळ, नाव नीट लिहून घेतलं. या माणसावर आता लक्ष ठेवायला हवं होतं.