कैफियत घोरावाडीचे अंगणी ताणिलेल्या बारा फुटी तारेची

प्रकाश सरळ रेषेत चालतो, वाटेत कोणाचा मुलाहिजा ठेवीत नाही, रावास आणि रंकास फिल्मेवर सारखेच उलटे टांगितो, त्या तेजास प्रथम वंदन करून ही कैफियत लिहिली आहे. विचारणा झाली की, रखमाजी केबिनवाले यांचे धाकटे चिरंजीव राजश्री गोरखराव यांची छबी कागदावर कैसी उतरली, ते तपशिलासह कळवावे. त्यास जैसे घडले तैसे, अंतरे फूटपट्टीने ताडून, लिहिले आहे. यात पदरचे काही घातले नाही.

शके अठराशे पंच्याऐंशी, थंडीचे दिवस. गोरखराव हे लोणावळ्यास हायस्कुलातील प्रयोगशाळेचे कारभारी, पदार्थविज्ञानाचे पदवीधर, आणि घोरावाडी प्रांती कॅमेरा बाळगणारे एकटेच सरदार होते. देहूरोडपासून मळवलीपर्यंत लग्न, बारसे वा विहाराची कोनशिला ऐसी न झाली की जेथे गोरखरावांची स्वारी तिपाईसह दाखल नाही. घरच्या अल्बमात फोटो त्र्याऐंशी. पैकी मातोश्री भागुबाई चोवीस ठिकाणी, वडील बंधू जानूराव एकोणीस ठिकाणी, वहिनी सरूबाई सतरा ठिकाणी, शेळीदेखील तीन ठिकाणी. परंतु खासा गोरखराव एकाही ठिकाणी नाहीत. कारण उघड होते. जो तोफ डागतो तो तोफेपुढे उभा राहत नाही.

ऐशात देहूरोडच्या डेपोतील स्टोअरकीपर श्रीपती यांची कन्या नंदा हिच्याशी सोयरिकीचे बोलणे निघाले. गोरखरावांनी तिला एका मंगल परिणयाचे प्रसंगी कॅमेऱ्याच्या भिंगातून एकवार पाहिले होते, आणि त्या दिवसापासून त्यांचे चित्त अंतराच्या कोणत्याच आकड्यावर स्थिर होत नव्हते. म्हणून मोठ्या उमेदीने अल्बम देहूरोडास रवाना केला. तो चौथे दिवशी परत आला आणि संगे खलिता आला की, "त्र्याऐंशी फोटू पाहिले. शेळी बी पाहिली. नवरा मुलगा कुटं दिसला न्हाई. लोक म्हंत्यात एक पाय अधू हाय, म्हणून दडवला. मी सोताच्या डोळ्यांनी बघितल्याबिगर डेपोत खिळा बी आत घेत न्हाई. पोरगं उभं ऱ्हातंय का, ते बुधवारच्या आत दाखवा, न्हाईतर चिंचवडचं स्थळ आमी पक्कं करतो."

खलिता वाचून गोरखरावांनी तत्काळ देहूरोडावर कूच करावयाचा मनसुबा केला, परंतु भागुबाईंनी उंबऱ्यात पाय रोवून फर्मान काढिले की, "माझ्या लेकाला कुणी चालवून बघायचं न्हाई. तो काय बाजारातला बैल हाय? फोटू धाडा!" या फर्मानापुढे आजवर कोणाचे चालले नव्हते. मग फोटो काढणे हीच एक मसलत उरली.

कॅमेऱ्यात फिल्मेची दोनच घरे, म्हणजे दोनच फोटो, शिल्लक होती, आणि नवा रोल बुधवारच्या आत पुण्याहून मिळेना. रविवारी सकाळी पहिले घर शेजारचे कोंडू यांच्या हवाली केले. कोंडूंनी खटका ऐसा दाबिला की कॅमेऱ्यासकट स्वतःही वाकले, आणि हर्षाने वदले, "लय झ्याक! तुज्या मानेपत्तुर समदं आलं." गोरखरावांनी जाणले की, शीर पडले. उरले घर एक.

तेव्हा गोरखरावांनी आपले गुप्त हत्यार बाहेर काढिले. ती खटक्याची तार म्हणून एक चीज, जुन्या बाजारातून घेतलेली. लांबी एक फूट, बाहेरून विणलेली नळी, आत पोलादी तार. एक टोक कॅमेऱ्यात फिरवून बसवावे, दुसऱ्या टोकाची गुंडी दाबावी, म्हणजे कॅमेऱ्यास हात न लागता खटका उडतो. परंतु एक फूट तारेने बारा फुटांवरचा नवरदेव कैसा पोहोचावा? म्हणून त्यांनी तिपाईस बिजागरीची लाकडी पट्टी बांधिली. पट्टी ओढली असता गुंडी दबावी, ऐसी तजवीज केली, आणि पट्टीपासून आपल्या जागेपर्यंत सरूबाईंची कपडे वाळत घालण्याची तार ताणिली. गुंडीची चाल पाव इंच. हिशेब केला की, अर्धा इंच ओढ पुरे. करंगळीने काम फत्ते होईल.

इतक्यात रखमाजी आबा पडवीतून उठले. आबांनी तळेगावच्या सिग्नल केबिनीत तेहतीस वर्षे अंमल केला होता. तेथे खांदाभर उंचीचा दांडा ओढावा, आणि अर्ध्या मैलावर तारेच्या जोराने सिग्नलची पट्टी पडावी, ऐसा तो कारखाना. तार पाहताच म्हाताऱ्याचे डोळे चमकले आणि हुकूम झाला की, "तार म्हंजी माजा इलाका. तू गप उभा ऱ्हा. तार वढ खाती, बाळा. पयली हातभर वढ ती गिळती, मग तिकडं पट्टी हालती."

गोरखरावांनी अदबीने अर्ज केला की, "आबा, अर्धा मैल तार हातभर खाते. ही बारा फूट आहे. ही तांदळाच्या दाण्याएवढंसुद्धा खाणार नाही."

"तुजं बुक मोठं का माजी तेहतीस वरसं?"

श्रीपतींच्याच डेपोत नोकरीस असलेले जानूराव हसून मध्ये पडले, "आबा, दमानं हं. कॅमेरा हाय त्यो, तळेगावचा डाउन सिग्नल न्हवं."

"तू डेपोत खोकी मोज, जा," ऐसा त्यांस जबाब मिळाला. भागुबाईंनी निवाडा दिला की, घरात वडील माणूस असता पोराने दांडा ओढू नये; आणि गोरखरावांनी शास्त्र गुंडाळून मान तुकविली. बापाचा तेहतीस वर्षांचा मान एकीकडे आणि अर्ध्या इंचाचा हिशेब एकीकडे, ऐसा तो पेच होता.

मग मोर्चे लागले. मध्ये खुर्चीवर भागुबाई, मागे जानूराव आणि सरूबाई, डावे अंगास आबा, उजवे अंगास गोरखराव, दोन्ही पाय स्पष्ट दिसावेत म्हणून विजार घोट्यावर दुमडून. अंतर बारा फूट नेमले, भिंगाचे छिद्र बारीक केले, खटका सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यावर ठेविला. आबांनी निवृत्तीचे वेळचा निळा कोट चढविला, तारेचे टोक आपल्या बाजूस घेऊन त्यास मुसळ बांधून त्याचा दांडा केला, आणि दांडा धरावयास पुसणे हाती घेतले. कारण केबिनवाला उघड्या हाताने दांडा धरीत नाही. आणि फर्माविले की, लाइन क्लिअरची, म्हणजे पुढला मार्ग मोकळा असल्याची, घंटा मिळाल्याबिगर ओढणार नाही. मग सरूबाईंनी काशाची ताटली तीन वेळा वाजविली.

आबांनी मुसळ धरिले. इतक्यात दूर मालगाडीची शिटी झाली, आणि आबांनी हात मागे घेतला. "गाडी सेक्शनात हाय. हालू नगा."

"अवो, ती गाडी तिच्या रुळावर चाललीया, आपल्या अंगणात न्हाई!" भागुबाई कडाडल्या. परंतु कायदा तो कायदा. मालगाडीच्या सत्तेचाळीस वाघिणी गेल्या, तोवर सर्वांचे हसू चेहऱ्यावर सुकून खडखडीत झाले. मग ताटली पुन्हा वाजली.

आणि आबांनी दांडा ओढिला. दोन्ही हातांनी, एक पाय पुढे रोवून, तेहतीस वर्षांच्या इमानाने ओढिला. बारा फुटी तारेने काहीच गिळले नाही. सगळी ओढ जशीच्या तशी तिपाईवर जाऊन आदळली, बिजागरी करकरून अडकली, तिपाईचा मागला पाय उचलला, आणि कॅमेरा मान खाली घालून पुढे कलला. गोरखरावांनी ते पाहिले आणि शास्त्र, सोयरीक, उभे राहण्याचा हुकूम, सर्व सोडून थेट उडी घेतली. ते हवेत असतानाच बिजागरी सुटली, पट्टी फिरली, गुंडी दबली, आणि खट्ट ऐसा आवाज झाला. मग गोरखराव जमिनीवर पडले आणि कॅमेरा त्यांच्या छातीवर पडला. दोघेही शाबूत.

"काच फुटली का रं?" भागुबाई ओरडल्या.

आबा मुसळ धरून निश्चल उभे होते. "पट्टी पडली," ते समाधानाने म्हणाले. "आवाज आला मला."

शेवटचे घर खर्ची पडले, बुधवार तोंडावर आला, आणि चिंचवडचे स्थळ पक्के होणार, ऐसे गोरखरावांनी जाणले. सोमवारी लोणावळ्यास जाऊन, प्रयोगशाळेच्या काळ्या खोलीत, कर्तव्य म्हणून त्यांनी फिल्म धुतली आणि कागदावर छापिली. लाल दिव्याखाली कागदावर प्रथम आबांचे मुसळ उगवले, मग भागुबाईंची खुर्ची, मग जानूरावांचा उघडा जबडा. आणि मग मधोमध, चार फूट पुढे झेपावलेले, कॅमेऱ्यापासून आठ फुटांवर, हात पसरलेले, केस उभे राहिलेले, खासा गोरखराव. छिद्र बारीक असल्याने आठ फुटांवरचा मनुष्यही रेखीव उतरला होता. दोन्ही पाय जमिनीपासून हातभर वर.

दुसरा फोटो नव्हता, म्हणून हाच जानूरावांनी मंगळवारी डेपोत जाताना श्रीपतींच्या हाती दिला, आणि बुधवारी उलट खलिता त्यांच्याच खिशातून घरी आला की, "मुलगा आढळला. उभा ऱ्हातो का ते अजून कळलं न्हाई, पर उडतो. अधू पायाचा माणूस इतका उडत न्हाई. माल तपासून घेतला, पसंत. आबांनी मुसळ का धरलंय ते भेटीत सांगावं."

खाली दुसऱ्या, बारीक आणि सुबक अक्षरात एकच ओळ होती: "फोटोत डाव्या पायात वहाण नाही. ती सापडली का?"

गोरखरावांनी ती ओळ अनेक वार वाचिली. मग शिडी लाविली, शोध घेतला, आणि वहाण कौलांवर, उडी घेतल्या जागेपासून साडेसतरा फुटांवर, पालथी सापडली. तैसे उत्तर मापासह आपल्या हाताने लिहून, श्रीपतींच्या नावे नव्हे, तर थेट नंदाच्या नावे टपालात टाकिले. येणेप्रमाणे मोहीम फत्ते झाली. शास्त्राचा हिशेब खरा ठरूनही पराभव झाला, तो मान्य करून ही कैफियत पुरी केली असे.