पळपुटी बिजली

एका जंगलात, बाळांनो, हरणांना पळता येत होतं. कुणी शिकवलं नव्हतं. आईच्या पोटातून येतानाच ती शिकून येत. हे जंगलातल्या जाणत्यांना फार खटकायचं. फुकट येते ती कसली विद्या?

म्हणून तिथं क्लास निघाला. 'पलायन-गणित प्रबोधिनी'. शिकवायला गोगलगायबाई. बाई सकाळी घरून निघाल्या की वर्गात पोचेपर्यंत मधली सुट्टी होई. पण त्वरण या विषयात त्यांच्याएवढा अधिकार दुसऱ्या कुणाचा नव्हता. क्लासला जागा वाघोबांनी दिली होती. शिक्षणावर त्यांचं भारी प्रेम.

या क्लासात बिजली नावाची चितळाची पोर होती. तिला एक वाईट खोड होती. बाई म्हणाल्या, "समजा, एक वाघ थांबलेल्या स्थितीतून निघाला," की बिजली ओढ्यापलीकडे.

धापा टाकत परत आली की बाई विचारत, "उत्तर कुठाय?"

"बाई, मी पळाले ना."

"पायऱ्या कुठायत? सूत्र कुठाय?"

वर्ग खिदळे. बिजलीचे कान तापत.

एकदा तिनं धीर करून विचारलं, "बाई, वाघ थांबलेलाच नसला तर? आधीपासून धावतच आला तर?"

"ते पुढच्या यत्तेला आहे," बाई म्हणाल्या. "यंदाचा आपला वाघ शून्यापासून निघतो. आणि त्याचं त्वरण एकसमान असतं."

पहिल्या रांगेतल्या विनयकुमारनं मान डोलावली. हा सांबराचा मुलगा. क्लासचा हिरा. बिजलीची आई उठता-बसता म्हणे, "त्याच्याकडे बघ जरा! वर्षभर एक उडी मारली नाही पोरानं. नुसता अभ्यास!"

परीक्षा माळावर होती. वाघोबा प्रमुख पाहुणे. त्यांना मानाची शिळा दिली होती.

बाईंनी प्रश्न सांगितला, "वाघ हरणापासून पन्नास मीटरवर थांबला आहे. त्याचं त्वरण चार मीटर प्रति सेकंद वर्ग. तर तो किती वेळात पोचेल?"

सगळ्या माना खाली गेल्या. बिजलीचीही गेली. या खेपेला पळायचं नाही, असं तिनं आईच्या गळ्याची शपथ घेऊन ठरवलं होतं. तिनं खुरानं वाळूत सूत्र लिहिलं. अंतर बरोबर एक छेद दोन, गुणिले त्वरण, गुणिले वेळेचा वर्ग.

वारा फिरला. त्याला वास होता.

तिनं मान वर केली. मानाची शिळा रिकामी होती. वाघोबा बांबूच्या बेटाला वळसा घालून येत होते. शून्यापासून नव्हे. चांगले वेगात.

"विनय, ऊठ! पळ!"

"वर्गमूळ काढतोय. मध्ये बोलू नकोस."

आईची शपथ जागेवरच राहिली आणि बिजली सुटली. मागून विनयचा आनंदानं फुटलेला आवाज आला, "पाच सेकंद!"

उत्तर अगदी बरोबर होतं. त्यानंतर मात्र काही ऐकू आलं नाही.

विनयकुमार पहिला आला. पैकीच्या पैकी गुण. क्लासच्या दारात त्याचा हार घातलेला फोटो लागला. वाघोबा शोकसभेत गहिवरून म्हणाले, "असा विद्यार्थी होणे नाही. मला तर तो फारच आवडला."

बिजली नापास. शेरा होता : परीक्षा अर्धवट टाकून पळाली.

"त्याची आई बघ, डोळे पुसते पण ताठ मानेनं फिरते," बिजलीची आई कडाडली. "मी कुठं तोंड दाखवू?"

"आई, मी जिवंत आहे गं."

"हो ना! तेच तर दिसतंय चारचौघांना!"

पुढच्या वर्षी आईनं ओळख लावून तिला पहिल्या रांगेत जागा मिळवून दिली. जागा रिकामीच होती. बाई म्हणाल्या, "समजा, एक वाघ..."

बिजलीचे पाय पळायला उठले. तिनं ते पोटाखाली घट्ट दुमडून घेतले, मान खाली घातली, आणि वाळूत सुबक अक्षरात लिहिलं : समजा.

तात्पर्य : जीव काय, कुणीही अडाणी वाचवतो. पद्धतशीर मरायला मात्र क्लासच लावावा लागतो.