सातव्या प्रकरणातला म्हातारा

मी भित्रा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. झुरळ, लिफ्ट, इंजेक्शन, अंधार आणि आमचे सासरे एवढे सोडले, तर मी या जगात कोणालाही घाबरत नाही!

म्हणूनच आमच्या कानसेन मंडळात साहेबांनी ती भयकादंबरी सुचवली, तेव्हा सगळ्यात आधी हात मी वर केला. कानसेन मंडळ म्हणजे ऑफिसातल्या आम्हा ऑडिओबुक ऐकणाऱ्यांचा मोबाइलवरचा ग्रुप. एकेक प्रकरण ऐकून झालं की आपलं मत रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायचं, असा नियम. लिहायचं नाही, बोलायचं! साहेब प्रत्येक मत मन लावून ऐकतात. आमच्या रोखपालबाई त्याहून मन लावून ऐकतात आणि चुका काढतात.

"तुम्हाला झेपेल ना?" बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं.

"बाई, भीती कशाशी खातात हे कळावं म्हणून तर ऐकणार आहे!" मी म्हणालो. साहेब हसले. मी फुगलो.

घरी त्या वेळी मी आणि चार दिवसांसाठी राहायला आलेले सासरे असे दोघंच होतो. बायको बहिणीकडे गेली होती. सासरे म्हणजे अग्निशमन दलातले निवृत्त अधिकारी. जन्मभर जळत्या घरांची दारं तोडून माणसं बाहेर काढलेला माणूस. त्यांच्यासमोर मी गॅस पेटवतानासुद्धा परवानगी मागतो. सासूबाई गेल्यापासून ते आपल्या घरी एकटेच राहतात. मध्ये एकदा जिन्यात पडले आणि शेजाऱ्यांच्या लक्षात येईपर्यंत तसेच पडून राहिले. तेव्हापासून माझ्या बायकोच्या डोळ्याला डोळा लागत नाही.

"अहो, बाबांनी आता कायमचं आपल्याकडे राहायला हवं," निघताना ती म्हणाली. डोळे भरून आले होते तिचे. "मी सांगून थकले. मी परत आले की काय ते सांगतो म्हणालेत. तुमच्या भरवशावर राहता येईल असं त्यांना वाटलं पाहिजे. बाकी काही करू नका."

"एवढंच ना? निर्धास्त जा!"

सुट्टीच्या दिवशी सकाळी सासरे बूट चढवून फिरायला निघाले. "मीही भाजी आणायला निघतोय," मी सांगितलं. ही शुद्ध थाप होती. पण आगीत शिरणाऱ्या माणसाला आपला जावई गोष्ट ऐकायला दुलईत शिरतो, हे कशाला कळायला हवं?

ते गेल्यावर मी तयारी केली. लख्ख उजेडात घरातले सगळे दिवे लावले. बेडरूमचं दार बंद केलं. दुलई डोक्यावरून घेतली. इयरफोन फक्त उजव्या कानात घातला, कारण मागून कोणी आलं तर कळायला एक कान मोकळा हवा! आणि पुस्तकाचा वेग दुप्पट केला. भीती निम्म्या वेळात संपते. हा माझा स्वतःचा शोध आहे.

पाचवं प्रकरण कसंबसं पार पडलं. सहाव्यात टेकडीवरचं घर, वारा, गळका नळ. आणि अचानक कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज! मग पावलं. जड, सावकाश. मग कुठलंसं दार धाडकन लागलं.

माझ्या पाचावर धारण बसली. पण मंडळाचा नियम तो नियम. प्रकरण संपताच थरथरत्या आवाजात मी मत टाकलं, "साहेब, ध्वनिमुद्रणाला तोड नाही! ती पावलं! अगदी आपल्याच घरात कोणी चालतंय असं वाटतं!"

साहेबांचं उत्तर आलं, "पावलं? माझ्या लक्षात नाही आली. तुमचा कान तयार आहे हं!"

माझा कान तयार! मी उत्साहात सातवं प्रकरण लावलं. दोन मिनिटं वाऱ्यात गेली आणि मग ते सुरू झालं. ठक, ठक, ठक. थांबून पुन्हा ठक, ठक, ठक. आणि खोल विहिरीतून यावा तसा म्हाताऱ्याचा घुमणारा आवाज, "कोणी आहे का?"

मी उशीचा कोपरा दातात धरला.

"घाबरू नका," तो आवाज म्हणाला. "शांतपणे इकडे या. दार उघडा."

आता मला सांगा, दाराआडून 'घाबरू नका' असं म्हणणाऱ्या आवाजाला कोण घाबरणार नाही? माझी तर बोबडी वळली. तरी प्रकरण पुरतं संपायच्या आतच मी दुलईतून मत टाकलं. जरा मोठ्यानेच, कारण तो म्हातारा मध्येमध्ये बोलतच होता.

"वा! अप्रतिम! तो म्हातारा म्हणजे कमाल आहे! बाकीची पात्रं भराभर बोलतात, हा एकटाच सावकाश. काय विचार केलाय! आणि आवाज कुठून येतो माहितीये? डावीकडून! इयरफोन माझ्या उजव्या कानात आणि म्हातारा डावीकडून! याला म्हणतात तंत्र!"

लगेच रोखपालबाईंचं मत आलं. बाई नोटा मोजतात त्याच सुरात बोलत होत्या.

"या कादंबरीत म्हातारा नाही. पुरुषच नाही. तीन बहिणी आहेत आणि एक मांजर. सातव्या प्रकरणात कोणी दारही ठोठावत नाही. तुम्ही नक्की काय ऐकताय?"

मी पुस्तक बंद केलं. इयरफोन काढला.

ठक, ठक, ठक. "कोणी आहे का?"

घरात मी एकटा. सासरे फिरायला गेलेले. मग हा कोण? मी कुजबुजत मंडळाला सांगितलं, "म्हातारा पुस्तकात नाही. म्हातारा माझ्या घरात आहे."

"बाहेर पळा!" साहेब.

"आधी सासऱ्यांना सावध करा," बाई. "ते परत आले आणि सरळ आत शिरले तर?"

अरे देवा! बायकोने बापाला माझ्या भरवशावर ठेवलं होतं! मी दुलईसकट उठलो. मोबाइल दातात, दुलई अंगावर, असा भिंतीला चिकटत बाहेरच्या दारापर्यंत पोचलो. माझी चाहूल लागली असावी, कारण आवाज एकदम चढला, "कोण आहे तिकडे? थांबा!"

थांबतो की काय! मी बाहेर उडी मारली आणि दार ओढून घेतलं. लॅच लागलं. जे काय आहे ते आत कोंडलं गेलं! किल्लीही आतच राहिली, पण त्याचं त्या वेळी कोणाला काय?

जिन्यात उभं राहून मी सासऱ्यांना फोन लावला. बाबांनी घराकडे येऊच नये, एवढं सांगायचं होतं.

फोन वाजला. आमच्या घरात! बंद दाराच्या आत त्यांच्या फोनची घंटा वाजत होती, आणि घंटेपाठोपाठ तो आवाज ओरडत होता. मी मटकन पायरीवर बसलो. त्याने बाबांना आधीच गाठलं होतं. आता बायकोला मी कोणत्या तोंडाने सांगणार?

तेवढ्यात बायकोचाच फोन.

"अहो, बाबा फोन उचलत नाहीयेत. कुठे आहेत?"

"अगं," मी रडवेला झालो, "धीर धर. घरात कोणीतरी आहे. म्हातारा आहे. दार ठोठावतोय, घाबरू नका म्हणतोय..."

ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाथरूमची कडी अडकते, आतून लावू नका, असं तुम्ही बाबांना सांगितलं होतंत ना?"

डोक्यात एकदम उजेड पडला. किल्ली. पावलं. धाडकन लागलेलं दार. घुमणारा आवाज. बाथरूमबाहेर राहिलेला, नुसता वाजणारा फोन! भुताची भीती गेली आणि तिच्या जागी खरी भीती आली. ओल्या फरशीवर सत्तरीपुढचा माणूस, एकदा जिन्यात पडलेला, आणि बाहेरचं दार मीच बंद करून बसलेलो! आतला आवाजही आता थांबला होता. "बाबा! बाबा!" मी दारावर धडका दिल्या. दार हललं नाही. माझा खांदा तेवढा हलला.

मग जे करायला नको होतं, तेच करावं लागलं. मी अग्निशमन दलाला फोन केला.

लाल गाडी आली. सगळ्या खिडक्यांतून डोकी आली. दलाच्या प्रमुखाने दुलई पांघरलेल्या माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता बाहेरचं दार उघडलं. मग बाथरूमचं. आत उलट्या बादलीवर सासरे ताठ बसले होते.

"सर, तुम्ही?" प्रमुखाने खाडकन सलाम ठोकला. पूर्वी तो त्यांच्याच हाताखाली शिकला होता!

सासऱ्यांनीही सलाम केला. "दार उघडायला वेळ लावलात," ते त्याला म्हणाले.

गाडी गेल्यावर आम्ही दोघं समोरासमोर बसलो. मी मान खाली घातली होती.

"मी हाका मारत होतो," ते म्हणाले, "आणि कोणीतरी 'वा, अप्रतिम' म्हणत होतं. ते तुम्हीच ना?"

"हो, बाबा."

"नंतर बाहेरचं दार लागल्याचं ऐकलं. तेव्हा पहिल्यांदा घाबरलो. जन्मभर दुसऱ्यांची दारं उघडली, पण बंद दाराच्या आत काय वाटतं ते आज कळलं. माझ्या घरी असतो तर आठवडाभर कोणाला पत्ता लागला नसता." मला फार वाईट वाटलं. मी उठून त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

संध्याकाळी बायको धावतपळत घरी आली. सासरे तिला म्हणाले, "पोरी, ठरलं. मी आता इथेच राहणार."

ती आनंदाने रडायला लागली. माझ्याकडे अशा कौतुकाने पाहिलं तिने, की मीही डोळे पुसले. "म्हणजे बाबा, यांच्या भरवशावर..."

"छे!" सासरे म्हणाले. "यांच्या भरवशावर तुला एकटं कसं सोडू?"