मागचं धूसर होईना

माणसाचा फोटो काढायला समोर माणूस लागतो, हा एक जुना गैरसमज आहे. आधी लेन्स लागते, आणि लेन्सच्याही आधी ती निवडण्याची पात्रता. ही पात्रता चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात साधारण २००९ साली आली. (तोवर लोक नुसतेच फोटो काढत.)

राइस मिलमध्ये कारकून असलेल्या देवानंदने त्या वर्षी नागपूरहून नवशिक्यांसाठीचा डीएसएलआर कॅमेरा आणला. सोबत एक लेन्स फुकट आली होती. तिच्यातून जवळचे, लांबचे सगळे दिसे. यावरूनच ती हलक्या प्रतीची आहे, हे जाणकारांनी ओळखले.

त्याची आई सुगंधाबाई म्हणाली, "देवा, माहा अन् तुह्या बाबाचा एक फोटू काढ ना. लगनातबी नाई निंगाला आमचा."

वडील रामाजी धानाची शेती करत आणि गावच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, मासे धरत. त्यांनी लगेच हातपाय धुतले, पांढरा सदरा घातला आणि गोठ्यासमोर खाटेवर बसले. सुगंधाबाई शेजारी टेकल्या. देवानंदने कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला.

"माय, थांबा लागन. या लेन्सनं मांगचं धुसर होत नाई."

"मांगं आपला कोठा हाये. त्याले काऊन धुसर कराचं?"

हा प्रश्न तांत्रिक नसल्यामुळे उत्तर देण्यात आले नाही.

तालुक्यात छायाचित्रकारांचे एक मंडळ होते. सभासदांपैकी निम्मे पन्नास मिलिमीटरच्या लेन्सचे, निम्मे पस्तीसच्या, आणि उरलेले झूमवाले (त्यांना चहा मिळे, मत नसे). देवानंदचे प्रकरण रीतसर मंडळापुढे गेले.

अध्यक्ष शालिकराम सर कॉलेजात भूगोल शिकवत. ते म्हणाले, "पन्नास म्हणजे माणसाचा डोळा. दुसरा विचारच करू नका."

मोबाइलचे दुकान चालवणारा विक्की पस्तीसवाला होता. "सर, ते रीळवाल्या कॅमेऱ्यात. या कॅमेऱ्यात फिफ्टी लावली तर दोघं फोटोत मावासाठी मांगं मांगं सरकत हा बोडीत पडन!"

"मग बोडीतून काढावा. कलेसाठी माणसाने ओले व्हावे."

मते समसमान पडली. चाचणी घेण्याचे ठरले. चाचणीसाठी माणूस अयोग्य असतो, कारण तो श्वास घेतो. म्हणून मंडळ आलापल्लीला जाऊन सागाच्या खोडांचे फोटो काढून आले. मग भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून कोपऱ्यातली अक्षरे तपासण्यात आली. मग पाण्यावरची चकाकी पाहण्यासाठी सर्वजण सिरोंच्याला गोदावरीवर गेले. (तिथे एक मासेमार चुकून फोटोत आला होता, तो काढून टाकण्यात आला.)

देवानंद दर खेपेला कॅमेऱ्याच्या पडद्यावर वडिलांना खोडे दाखवी.

"सालपट लय साफ दिसते," रामाजी कौतुकाने म्हणत. मग हळूच विचारत, "आमचा कवा?"

"लेन्स ठरली का मंग तुमचाच, बाबा."

रामाजी रविवारी सदरा घालून बसत. हळूहळू सदरा सैल होऊ लागला. पण लेन्सची तुलना करताना कपड्यांचे माप विचारात घेत नाहीत. मग खोकला लागला, मग चंद्रपूरचा दवाखाना झाला. आणि धान कापणीला आले असताना, मंडळाच्या अहवालाची वाट न पाहता, रामाजी गेले.

दहनाहून आल्यावर देवानंदने कॅमेरा उघडला आणि बटण दाबत पुढे पुढे गेला. साग. वर्तमानपत्र. साग. गोदावरी. एका फोटोत त्यांचाच गोठा होता, विक्कीच्या लेन्सने काढलेला, अगदी हवा तसा मऊ, धूसर. समोर खाटेवर नमुना म्हणून तांब्या ठेवला होता. देवानंद तो तांब्या मोठा करून करून पाहत राहिला. मग ओक्साबोक्शी रडला.

सुगंधाबाई मात्र व्यवहारी निघाल्या. त्या दोघांची मतदार ओळखपत्रे घेऊन बाजारातल्या स्टुडिओत गेल्या. स्टुडिओवाल्याने दोन चेहरे शेजारी शेजारी बसवले, रामाजींना निळा कोट आणि टाय घातला, मागे बर्फाचे डोंगर लावले.

"कोट शोभते यायले," त्या भिंतीकडे पाहून म्हणाल्या आणि पदराने काच पुसली.

मंडळ सांत्वनाला आले. शालिकराम सरांनी फोटो बराच वेळ न्याहाळला.

"पार्श्वभूमी फार स्पष्ट आहे," सर म्हणाले.

"पस्तीस असती तर..." विक्कीने सुस्कारा सोडला.

देवानंद उठला. त्याने दोघांच्या चपला आणून त्यांच्यापुढे ठेवल्या आणि दार उघडले.

आता, देवानंदने शेवटी पन्नासची घेतली की पस्तीसची, हे सांगायचे राहून गेले असे जर आपल्याला वाटत असेल, तर मंडळाशी अवश्य संपर्क साधावा. अध्यक्ष आपल्यासारख्यांच्याच शोधात असतात. येताना कॅमेरा आणावा. घरच्या माणसांना आणू नये, ती हलतात.