सालीसकट बाबा

चष्मेवाल्याच्या घरात फळाची साल काढायला बंदी होती. कायदा त्याचाच. बायकोने सफरचंद सोलायला घेतलं की हा वर्तमानपत्र बाजूला टाकून उठायचा, ताटलीतली साल दोन बोटांत धरून, काच तपासावी तशी उजेडात बघायचा आणि म्हणायचा, "हे काय फेकतेस? सगळं सत्त्व इथे आहे, इथे! आत नुसतं गोड पाणी!" मग ती साल मुंगीच्या ताटलीत पडायची. मुंगी म्हणजे त्याची नऊ वर्षांची लेक. ती साल चावून चावून गालात साठवायची आणि बाबाची पाठ वळली की बेसिनमध्ये थुंकायची. बायकोने वाद घालणं केव्हाच सोडलं होतं. ती नुसती "हं" म्हणायची.

आता लपवण्यात अर्थ नाही म्हणून सांगून टाकतो, हा गृहस्थ स्वतः साल खात नसे. घरी फळ समोर आलं की याचं पोट भरलेलं असायचं. दुपारी चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की शटर अर्धं खाली ओढायचं, डब्यातलं सफरचंद काढायचं आणि काचा घासायच्या टेबलावर बसून ते निगुतीने सोलायचं, असा त्याचा नेम होता. साल त्याच्या टाळूला चिकटायची, दाढेत अडकायची, नुसत्या आठवणीने अंगावर काटा यायचा. काढलेली साल फ्रेमच्या रिकाम्या खोक्यात भरून तो संध्याकाळी कोपऱ्यावरच्या कचऱ्यात टाकायचा, आणि टाकताना इकडेतिकडे बघायचा. लाज वाटायची हो त्याला. पण इतकी वर्षं तोंड भरून सांगितलेलं आता मागे कसं घ्यायचं?

अशात शाळेतून चिठ्ठी आली. मुंगीचा 'माझे बाबा' हा निबंध वर्गात पहिला आला होता. शुक्रवारी मुलं डब्यात फळं आणणार होती, तेव्हा बाबांनी येऊन मुलांना दोन शब्द सांगावेत, अशी बाईंची विनंती होती. सोबत निबंधाची प्रतही होती. 'माझे बाबा सगळ्या फळांच्या साली खातात. ते म्हणतात, साल टाकणारा माणूस आळशी असतो. माझे बाबा कधीच खोटं बोलत नाहीत.'

शेवटचं वाक्य त्याने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ते तसंच होतं.

"शुक्रवारी दुकानात फार काम आहे," तो म्हणाला.

"पोरीचा मान आहे," बायको म्हणाली. "जायलाच हवं."

शुक्रवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून वर्गात उभा राहिला. समोर चाळीस डोकी, टेबलावर फळांचा ढीग आणि मागच्या फळ्यावर टाचणीने लावलेला तो निबंध. पहिल्या बाकावर मुंगी हाताची घडी घालून बसली होती. त्याने सत्त्वाबद्दल भाषण सुरू केलं. तीन वाक्यं झाली असतील नसतील, एका दात पडलेल्या मुलाने हात वर केला.

"काका, खाऊन दाखवा ना!"

"हो, दाखवा ना," बाई कौतुकाने म्हणाल्या.

त्याने द्राक्षं घेतली. द्राक्षं कोण सोलतं? टाळ्या पडल्या. मग सफरचंद आलं. तो कसनुसा हसत साल चावू लागला. टाळूला चिकटलेला तुकडा जिभेने सोडवता सोडवता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा, किती आवडीने खातायत," बाई म्हणाल्या.

मग त्या मुलाने टेबलावर केळं ठेवलं.

"केळ्याची नाही हं खात," चष्मेवाला घाईने म्हणाला.

"पण निबंधात 'सगळ्या' लिहिलंय," मुलगा म्हणाला. चाळीस डोकी फळ्याकडे वळली, मग याच्याकडे. मुंगीचे कान लाल झाले होते. आता आपण माघार घेतली तर पोर वर्गात खोटी ठरणार, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने डोळे मिटले आणि केळ्याच्या सालीचा घास घेतला. चव म्हणाल तर ओल्या चामड्याची. गिळता गिळेना, थुंकावं तर बाई समोर. शेवटी पाण्याच्या तीन घोटांबरोबर ती खाली गेली.

"कशी आहे, काका?"

"छान!" तो म्हणाला, आणि इथेच घोटाळा झाला.

छान म्हटल्यावर मुलं थांबतात होय! वर्गभर डबे उघडले. कुणी केळ्याच्या सालीला दात लावला, कुणी संत्र्याच्या. खिडकीजवळच्या मुलीने डाळिंबाची साल चावली आणि तिचं तोंड वाकडं झालं ते सरळच होईना. एकाला ठसका लागला. "हळू, हळू खा," म्हणत बाई पाण्याची बाटली घेऊन धावल्या. "धुऊन घेतलंय ना रे?" असंही त्या विचारत होत्या, पण ऐकतंय कोण!

एवढ्यात मुंगीच्या शेजारच्या मुलीने पिशवीतून एक आख्खा अननस काढला आणि टेबलावर, बरोबर चष्मेवाल्यासमोर, ठेवला.

"काका, हा पण?"

त्याने अननसाकडे पाहिलं. तो काही बोलायच्या आतच दात पडलेल्या मुलाने अननस दोन्ही हातांनी उचलून तोंडाकडे नेला.

"थांब!" चष्मेवाला ओरडला. "नको! तोंड फाटेल! मी नाही खात. मी कुठलीच साल खात नाही. मी दुकानात सफरचंदसुद्धा सोलून खातो. रोज. शटर खाली ओढून."

शेवटचं सांगायची काही गरज नव्हती, पण ते निघून गेलं. चाळीस तोंडांतून साली बाहेर आल्या. बाईंनी फळ्यापाशी जाऊन निबंधाची टाचणी काढली. चष्मेवाल्याला वाटलं, आपल्याला चष्मा नसता तर बरं झालं असतं, निदान मुंगीचा चेहरा दिसला नसता.

शाळा सुटल्यावर दोघं चालत निघाले.

"वर्गात तुझं नाक कापलं मी," तो खाली बघत म्हणाला. "मला माफ कर बेटा. मी खोटारडा आहे."

"मला माहीत होतं," मुंगी म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"तू सोलून खातोस ते. छत्री विसरला होतास ना, तेव्हा ती द्यायला मी आणि आई आलो होतो दुकानात. मला शटरखालून सरळ दिसलं. आईला वाकावं लागलं."

"मग निबंधात तसं का लिहिलंस?"

"तोंडावर बोलले असते तर तू भाषण दिलं असतंस." तिने दप्तर सावरलं. "मला वाटलं, केळ्यालाच कबूल करशील. तू तर खाऊनच टाकलंस! मला रडायलाच येत होतं, बाबा. अननस आम्ही नुसता राखून ठेवला होता, लागलाच तर म्हणून."

"आम्ही म्हणजे? ती शेजारी बसते ती?"

"छे! तिने फक्त पिशवी धरली. मी आणि आईने."

तो जागच्या जागी थांबला. घर अजून दोन गल्ल्या लांब होतं, आणि त्याला ते आणखी लांब असतं तर हवं होतं. मुंगीने त्याचं बोट धरून ओढलं.

"चल ना लवकर. काय झालं ते ऐकायची आई वाट बघतेय."