बापूकाकांची सात किलोंची बॅग

ऐन एप्रिलात, डांबर चपलेला चिकटतंय अशा दुपारी, कोणी तीन शर्ट, दोन पँटी, वर जाकीट आणि गळ्यात लोकरी मफलर घालून जिना उतरताना दिसलं, तर आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी डॉक्टरला फोन करत नाही. बापूकाका बंगळूरला मुलाकडे निघाले, एवढाच त्याचा अर्थ असतो. वॉचमन उठून उभा राहतो, आणि मी गाडीचा एसी आधीच लावून ठेवते. नाहीतर ओझरचा विमानतळ येईपर्यंत काका वाफेवर शिजून निघायचे.

बापूकाका माझे समोरच्या दाराचे शेजारी. सातपूरच्या एका कारखान्यात जन्मभर स्टोअरकीपर होते. बायको, म्हणजे आमच्या माईकाकू, गेल्यापासून एकटेच असतात. फक्त सात किलोंपर्यंतची हातातली बॅग घेऊन जाणाऱ्याला विमानाचं तिकीट जरा स्वस्त पडतं हे त्यांना कुठून तरी कळलं, आणि तेव्हापासून त्यांनी त्या सात किलोंशी कुस्तीच मांडली. बाल्कनीच्या गजाला भंगारवाल्याकडचा ताणकाटा टांगलाय. निघायच्या आधी आठवडाभर बॅग त्याला लटकते, उतरते, पुन्हा लटकते.

मी तोंडाची फटकळ. पहिल्यांदा तो सगळा अवतार बघितला तेव्हा म्हटलं, काका, विमानवाले तुम्हालाच काट्यावर उभं करतील एक दिवस. ते अजिबात चिडले नाहीत. बोट वर करून म्हणाले, "अंगावरचं ते अंग. अंगाला भाडं नाही."

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. याच ब्रह्मवाक्यावर त्यांनी ते जाकीट शिवून घेतलंय. पंचवटीतला एक म्हातारा शिंपी आहे, त्याच्यासमोर दोन दिवस स्टूल टाकून बसले आणि आतून खिसेच खिसे करून घेतले. डाव्या बाजूला बेदाणे, उजवीकडे चिवडा, खाली दाढीचं सामान आणि पाठीवर, अगदी मधोमध, सुरगाण्याहून मागवलेले नागलीचे पापड. पापड मोडू नयेत म्हणून हा माणूस नाशिक ते बंगळूर पाठ न टेकता बसतो. शेजारच्या प्रवाशांना वाटतं, रिटायर मिलिटरीवाला दिसतोय. मुलाच्या घरी पोचल्यावर पापड निघतात ते सगळे अख्खे. आता याला चिक्कूपणा म्हणा हवं तर, मी कला म्हणते.

आणि कला म्हणजे काय, बिल्डिंगमधल्या कोणालाही विचारा. परगावी लग्नाला निघालेली माणसं आधी काकांचं दार वाजवतात. मऊ कपडे गुंडाळायचे, कडक कपडे घडी करायचे, बुटाच्या पोटात मोजे, मोज्यांच्या पोटात औषधाच्या गोळ्या. रिकामी जागा दिसली की त्यांच्या पोटात दुखतं. माझी दिल्लीची बॅग त्यांनी अशी भरून दिली की परत येताना मला ती काही केल्या भरता येईना. शेवटी हॉटेलातून व्हिडिओ कॉल केला, आणि समोर बसून त्यांनी एकेक कपडा सांगून भरून घेतली.

फजिती झाली नाही असं नाही. एकदा त्यांनी कैरीच्या लोणच्याची बाटली जाकिटात घातली. तपासणीवरच्या जवानाने ती बाहेर काढली आणि तेलाचं लोणचं आत नेता येणार नाही म्हणाला. काकांनी अंगावरचं ते अंग ऐकवून पाहिलं. जवानाला ते पटेना. टाकून द्या म्हणाला. माईकाकूंच्या पद्धतीचं, स्वतः फोडी करून घातलेलं लोणचं कचऱ्याच्या डब्यात टाकायचं? काका बाटली घेऊन मागे फिरले आणि रांगेतल्या लोकांना विचारत सुटले, डब्यात काय आणलंय? आपल्याकडची माणसं, घरचा डबा घेतल्याशिवाय विमानात बसतात थोडीच. कोणाकडे पुऱ्या निघाल्या, कोणाकडे थेपले. ज्याच्या-त्याच्या डब्यात एकेक फोड पडली, बाटली रिकामी झाली. मग ती धुऊन, पुसून, परत जाकिटात घालून काका आत गेले.

इतके दिवस मी हे सगळं पैसे वाचवायचं वेड समजत होते. गेल्या खेपेला मात्र मला जरा वेगळाच वास आला. तिकीट मिलिंदने, त्यांच्या मुलाने काढलं होतं आणि त्यात पंधरा किलो सामान धरलेलंच होतं. मला त्याने फोन करून बजावलं होतं, मनीषाताई, या वेळी बाबांना मोठी बॅग घेऊन पाठवा, नेहमी चार दिवसांत पळतात. तरी काका आपले तीन शर्ट, दोन पँटी आणि तीच इवलीशी बॅग घेऊन हजर.

ओझरच्या वाटेवरचा दहावा मैल फाटा येईपर्यंत मी गप्प बसले. मग माझा ताबा सुटला. म्हटलं, काका, पैसे भरलेले आहेत, मुलगा राहा म्हणतोय, मग हा तमाशा कोणासाठी?

काकांनी मफलर सोडला, मांडीवर ठेवला.

माई गेल्यावर पहिल्यांदा गेलो ना, म्हणाले, तेव्हा मोठी बॅग नेली होती. तिच्या दोन साड्यासुद्धा घातल्या होत्या, उगाच, सोबत म्हणून. सुनेने, स्नेहाने दार उघडलं. आधी बॅगेकडे बघितलं, मग माझ्याकडे. पाणी दिलं, आणि हळूच विचारलं, बाबा, परतीचं तिकीट कधीचं आहे?

"चांगली पोर आहे हो ती," काका म्हणाले. "घर लहान, दोघांच्या नोकऱ्या. तिने नुसतं विचारलं. पण मला त्या रात्री झोप आली नाही. लहान बॅग बघितली की कोणी तसं विचारत नाही, मनीषा. उलट निघताना म्हणतात, बाबा, एवढ्यात चाललात? मी तेवढं ऐकायला जातो."

विमानतळावर त्यांना सोडलं आणि त्या चार दिवसांत मी देवाला इतकंच म्हटलं, यांना कोणीतरी थांबवू दे.

चौथ्या दिवशी आणायला गेले. बाकीचे प्रवासी पट्ट्यापाशी सामानाची वाट बघत उभे आणि काका नेहमीसारखे सगळ्यांच्या आधी बाहेर. म्हणजे कोणी थांबवलं नव्हतंच; माझं मन खट्टू झालं. गाडीत बसल्यावर विचारायचा धीर होईना, पण आडगाव नाक्याच्या सिग्नलला थांबलो तेव्हा विचारलंच.

म्हणाले, या वेळी तर स्नेहाने बॅगच धरून ठेवली. आठ दिवस राहा म्हणाली, कपडे काय इथे घेऊ, म्हणाली. मिलिंद तिकीट बदलायला निघाला होता.

"मग राहायचं ना," मी जवळजवळ ओरडलेच. "इथे कोण वाट बघतंय तुमची?"

बोलून गेले आणि जीभ चावली. काकांना मात्र राग आला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, सुनेचं.

"राहिलो असतो गं. पण आठ दिवस राहिलो, तर नवव्या दिवशी राहा कोण म्हणणार?"

मी त्यांच्याकडेच बघत होते, सिग्नल हिरवा झालेला दिसलाच नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली, तेव्हा काकांनीच सांगितलं, "चल, सुटला."